गोठ्यातल्या जनावराला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर: पहिल्या तासापासून सहा महिन्यांपर्यंत काय करायचं

माणसाला कुत्रं चावलं तर त्याला लगेच सरकारी दवाखान्यात न्यायचं, एवढी जाण आता मराठवाड्यातल्या गावोगावी आली आहे. म्हशीला किंवा बैलाला चावलं तर मात्र कुणी जखमेवर हळद दाबतो, कुणी चुना लावतो आणि 'बघू दोन-चार दिवस' म्हणून सगळे कामाला लागतात. जखम सुकते, विषय मागे पडतो. महिना-दोन महिन्यांनी तीच म्हैस वैरण सोडते, लाळ गाळायला लागते. तोवर त्या कुत्र्याची कुणाला आठवणही राहिलेली नसते. घशात काही अडकलंय का बघायला घरचा कर्ता माणूस तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो आणि स्वतःचा जीव धोक्यात टाकतो.

रेबीज रोखता येतो तो चावल्यानंतरच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत. एकदा लक्षणं दिसली की जनावराला वाचवणारं औषध नाही आणि माणसालाही नाही. म्हणून गोठ्यातला चावा हा घरातल्या माणसाला झालेल्या चाव्याइतकाच तातडीचा धरायचा. तो कसा हाताळायचा, ते क्रमाने सांगतो.

रोग शिरतो कसा

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो. दात लागून कातडी फाटली की लाळ आत जाते. उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेला लाळ लागली तरी धोका आहे. हा विषाणू रक्तातून पसरत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरून तो हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि मेंदूत वाढल्यावर लाळेच्या ग्रंथींमध्ये उतरतो. या प्रवासाला वेळ लागतो, आणि लस द्यायला आपल्याला मिळतो तो एवढाच वेळ. गायी-म्हशींमध्ये चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे ते तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त. चावा तोंडाला, कानाला किंवा मानेला असेल तर मेंदू जवळ असल्याने हा काळ कमी होतो.

गुरांच्या बाबतीत अडचण अशी की चावा बहुतेक वेळा तोंडालाच बसतो. कुत्रं अंगावर आलं की गाय पळण्याऐवजी मान खाली घालून शिंगं रोखते, नाहीतर हुंगायला तोंड पुढे करते. म्हणून नाकपुडी, ओठ आणि कान आधी बघायचे. शेळ्या-मेंढ्या पळतात, त्यांना मागून चावा बसतो: मांडी, शेपटी, कास. लहान करडाला मानेला धरलेलं असतं. कुत्र्याखेरीज कोल्हा, लांडगा, मुंगूस आणि मांजर यांच्यापासूनही रेबीज होतो. उसाच्या फडाकडेला आखाडा, म्हणजे शेतातला गोठा-वस्ती, असेल तर रात्री आलेला कोल्हा हा किरकोळ प्रसंग समजू नका.

पहिला तास

ज्या जनावराला चावताना पाहिलं तेवढ्यावर थांबू नका. पिसाळलेलं कुत्रं एकाच जनावराला चावून क्वचितच निघून जातं. दावणीतलं प्रत्येक जनावर बॅटरीच्या उजेडात तोंडापासून शेपटीपर्यंत तपासा, केस मागे सारून बघा. म्हशीच्या काळ्या कातडीवर आणि उस्मानाबादी शेळीच्या दाट केसांत दाताची बारीक खूण चटकन दिसत नाही. शंका आली तर चावलंय असंच धरा. घरातल्या लेकरांना आणि आखाड्यावरच्या सालगड्यालाही विचारा. मार बसेल म्हणून लहान मुलं ओरखडा लपवतात.

जनावर दोन्ही बाजूंनी आखडून बांधा. जखम धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. नसतील तर हातांवर जाड प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटाला बांधाव्यात. ज्याच्या हाताला चीर किंवा जखम आहे त्याने हे काम करू नये. आता जखमेवर वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून १५ मिनिटं. मोटारीचा पाइप असेल तर उत्तम, नसेल तर एकाने घागरीने धार धरावी आणि दुसऱ्याने साबण चोळावा. कपडे धुण्याचा साबणही चालतो. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो. उन्हाळ्यात गाव टँकरवर असलं तरी या पाण्यात काटकसर करू नका. पुढे इंजेक्शन देणार आहोत म्हणून धुणं टाळलं, असंही होऊ देऊ नका. जखमेतच जेवढे विषाणू कमी होतील तेवढं लशीचं काम सोपं होतं.

धुवून झालं की पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. त्यावर हळद, चुना, मिरची, राख, गोडंतेल यातलं काहीही नको. डाग देऊ नका. भाजलेल्या कातडीखाली विषाणू तसाच राहू शकतो. टाके आणि घट्ट पट्टीही सहसा टाळतात, जखम उघडी ठेवतात. माश्या बसून अळ्या पडू नयेत म्हणून काय फवारायचं ते डॉक्टर सांगतील. अंगारा, दोरा, झाडपाल्याचा रस यांवर श्रद्धा असणाऱ्यांशी वाद घालत बसायला या वेळी सवड नसते. आधी जखम धुवा, डॉक्टरांना बोलवा, मग ज्याला जे करायचं ते करू द्या.

लस: तारखा पाळल्या तरच उपयोग

जखम धुतानाच एकाने फोन लावावा. पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. गावच्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर तर प्रत्येकाकडे हवाच. लातूर, नांदेडकडच्या लोकांना उदगीरचं आणि परभणी, हिंगोलीकडच्यांना परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हाही आधार आहे.

चावलेल्या जनावराला एक इंजेक्शन देऊन भागत नाही. लस पहिल्या दिवशी, आणि तो शून्य दिवस धरून ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. काही डॉक्टर ९० व्या दिवशी आणखी एक देतात. समजा पहिलं इंजेक्शन १ तारखेला दिलं, तर पुढची ४, ८, १५ आणि २९ तारखेला येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी खुणा करून ठेवा. खरी गळती तिसऱ्या इंजेक्शनानंतर होते. जनावर धडधाकट दिसत असतं, पेरणी किंवा कापूस वेचणी तोंडावर असते, आणि उरलेले डोस राहून जातात. जनावर ठणठणीत दिसतं ते विषाणू अजून मेंदूत पोचलेला नसतो म्हणून.

मोठ्या म्हशीला आणि छोट्या करडाला बहुतेक लशींची मात्रा सारखीच, १ मिली असते. 'करडू लहान आहे, अर्धीच द्या' असा आग्रह धरू नका. लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची असल्याने गाभण जनावरालाही देता येते. दवाखान्यात लस शिल्लक नसेल तर चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातून आणावी लागते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत मोटारसायकलच्या डिकीत तासभर तापलेली लस टोचून काही मिळत नाही, आणि बर्फात थिजून गेलेली लसही वाया जाते. थर्मासमध्ये बर्फ घालून, बाटली कागदात गुंडाळून आणा.

चावून दोन-चार दिवस उलटून गेले असतील तरी 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका. लक्षणं दिसत नाहीत तोवर लस सुरू करता येते. उशीर जितका जास्त, तितका भरवसा कमी, एवढंच.

कुत्र्याचं काय करायचं

कुत्रं पाळीव आणि ओळखीचं असेल तर मारू नका. मजबूत साखळीने बांधून १० दिवस लक्ष ठेवा. कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीपासून येऊ लागतो, पण तसं असेल तर ते या १० दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. मात्र दहा दिवसांची वाट बघत पहिलं इंजेक्शन लांबवायचं नाही. हा १० दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरापुरताच आहे. कोल्ह्या-मुंगसाला तो लावू नका.

भटकं कुत्रं चावून पसार झालं असेल तर ते पिसाळलेलंच होतं असं धरा. काही कारण नसताना समोर येईल त्याला चावत सुटणं, आवाज घोगरा होणं, खालचा जबडा लोंबणं, झोकांड्या खाणं, माती-लाकूड चावणं या खुणा कुणी पाहिल्या असतील तर शंकाच ठेवू नका. कुत्रं मेलेलं सापडलं तर उघड्या हाताने उचलू नका, नदी-ओढ्यात फेकू नका. डॉक्टरांना कळवा, त्यांना तपासणीसाठी मेंदूचा नमुना घ्यायचा असू शकतो. आणि ते कुत्रं ज्या वाटेने आलं त्या वाटेवरच्या वस्त्यांना फोन करा. तुमच्या गोठ्यात शिरण्याआधी ते कुणाच्या तरी शेळ्यांत शिरलेलं असू शकतं.

पुढचे सहा महिने: काय बघायचं

चावलेलं जनावर निदान सहा महिने नजरेखाली ठेवा, जमलं तर इतरांपासून थोडं अंतर ठेवून बांधा. या काळात ते विकू नका. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उभं केलेलं असं जनावर विकत घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. पुढे त्याच्या घरातली बाई धार काढायला बसते आणि त्याची लेकरं त्या जनावराला हाताने चारा भरवतात.

गुरांमधला रेबीज बऱ्याचदा कुत्र्यासारखा खवळलेला नसतो, म्हणून फसगत होते. सुरुवातीला जनावर वैरण आणि ढेप कमी खातं, दूध अचानक आटतं, ते एकटक बघत उभं राहतं. चावलेली जुनी जागा खाजवतं, चाटतं, खांबाला घासतं. मग आवाज बदलतो. घसा बसल्यासारखं, तुटक, पुन्हा पुन्हा हंबरणं किंवा रेकणं हे मी सगळ्यात मोठं लक्षण मानतो. दावणीतल्या जनावराचा रोजचा आवाज घरच्यांच्या कानात बसलेला असतो, त्यामुळे हा फरक डॉक्टरांआधी घरच्या बाईला कळतो. तिचं ऐका.

गिळता येत नाही म्हणून लाळेच्या तारा लोंबतात, पाण्यात तोंड घालूनही घोट खाली जात नाही. शेण पडत नसताना जनावर सतत कुंथतं. मागचे पाय लुळे पडतात, खूर मुडपतो, शेपटी लोंबते. काही जनावरं माजावर आल्यासारखी वागतात. गाय पुन्हा पुन्हा दुसऱ्यांवर चढते, म्हणून तिला भरवायलाही नेलं जातं. काही एकदम अंगावर येतात, दावं तोडतात, गव्हाणीवर डोकं आपटतात. शेवटी जनावर बसतं ते उठत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत, क्वचित दहा दिवसांत ते मरतं.

लाळ गळण्याची इतर कारणंही आपल्याकडे भरपूर. लाळ्या-खुरकुतात ताप असतो, तोंडात आणि खुरांत फोड येतात आणि एकाच वेळी अनेक जनावरं आजारी पडतात. घटसर्पात गळा सुजतो, श्वास घरघरतो. कापसा-सोयाबीनवर फवारलेलं औषध पोटात गेलं तर तासाभरात लाळ, थरथर आणि पातळ शेण सुरू होतं. घशात कोय किंवा प्लास्टिक अडकलं तर पोट झपाट्याने फुगतं. यातले काही आजार वेळेवर उपचार केले तर बरे होतात, म्हणून डॉक्टर हवेतच. पण ते येईपर्यंत निदान दुरून करायचं.

लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. जीभ ओढून बघायची नाही, बांबूच्या नळकांड्याने काढा किंवा तेल पाजायचं नाही, नाकातली वेसण चाचपायची नाही. दावं ओढताना झालेल्या चिरा, कोयत्याचे काप, नखाजवळची सोललेली कातडी, शेतकऱ्याच्या हाताला यातलं काहीतरी असतंच. हातमोज्याशिवाय तोंड तपासणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाला किंवा खाजगी डॉक्टरलाही थांबवून सांगा: 'साहेब, दोन महिन्यांपूर्वी कुत्रं चावलं होतं.' एवढ्या वाक्याने त्यांचा जीव वाचू शकतो.

शंका आली की त्याच दिवशी

जनावर दोन मजबूत दाव्यांनी, माणसांच्या वाटेपासून दूर बांधा. समोरून जाऊ नका. चारा-पाणी लांबूनच सरकवा. पोरांना गोठ्यात जायला बंदी करा. धार काढणं थांबवा. वासरू वेगळं करा आणि ते कधीपर्यंत पीत होतं ते डॉक्टरांना सांगा.

मग घरात बसून यादी करा. हाताला जखम असताना तोंडात हात घातलेला, चावा किंवा ओरखडा बसलेला, डोळ्यात किंवा तोंडात लाळ उडालेला, लाळेने भरलेलं दावं जखमेच्या हाताने सोडणारा, असा प्रत्येक माणूस त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गेला पाहिजे. हात आधी साबणाने १५ मिनिटं धुवायचे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कातडीत टोचायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत टोचायची असेल तर १४ व्या दिवशीही. जखमेत लाळ गेली असेल तर लशीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते प्रत्येक केंद्रावर नसतं, म्हणून कुठे मिळेल ते तिथेच विचारून लिहून घ्या. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही ही लस देता येते.

ज्याने नुसतं शेण काढलं किंवा धड कातडीच्या हाताने पाठीवरून हात फिरवला त्याला धोका नाही. शेण, मूत आणि रक्तातून हा रोग लागत नाही.

दुधाबद्दल सविस्तर सांगतो, कारण गावात सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. पिसाळून मेलेल्या म्हशीचं दूध किंवा ताक एखाद्या कार्यक्रमात वाटलं गेलं होतं असं कळलं की अख्खं गाव आरोग्य केंद्रावर जातं. लोकांची भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. विषाणू उकळण्याने मरतो. उकळलेल्या दुधाने, त्याच्या चहाने, दह्या-ताकाने रेबीज होत नाही. ज्यांनी त्या जनावराचं धारोष्ण, न उकळलेलं दूध घेतलं असेल त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून सल्ला घ्यावा. आजारी जनावराचं दूध उकळून तरी वापरू का, असं विचाराल तर नको; खड्ड्यात ओता. रांगेत दोनशे चहा पिणारे उभे असतात आणि तोंडात हात घातलेला माणूस घरीच बसलेला असतो, हे मात्र होऊ देऊ नका. त्याला सगळ्यात पुढे उभं करा.

जनावर मेल्यावर

कातडं काढू देऊ नका, मांस वाटू देऊ नका. चाकू लागलेल्या हातात मेंदूचा किंवा लाळग्रंथीचा अंश गेला तर तोच धोका. विम्यासाठी कानातला पिवळा बिल्ला लागतो म्हणून लोक घाईने कान कापतात. तसं न करता मेल्याबरोबर विमा कंपनीला कळवा, बिल्ल्यावरच्या १२ अंकी नंबरासह फोटो काढा आणि पुढचं काम डॉक्टरांच्या हातून करून घ्या. त्यांना मेंदूचा नमुना पाठवायचा असेल तर ते ठरवतील. माणसांची लस त्या अहवालासाठी थांबवायची नाही.

विहीर, बोअर आणि ओढ्यापासून दूर, जेसीबीने निदान सहा फूट खड्डा घेऊन, वर-खाली चुना टाकून पुरा. उघड्यावर टाकलेलं जनावर गावातली कुत्रीच फाडतात. गव्हाण, खुंटा, दावं आणि जमीन साबणाच्या पाण्याने धुवून ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. लाळ लागलेला उरलेला चारा जाळा. ऊन आणि कोरडेपणा या विषाणूला सहन होत नाही, त्यामुळे गोठा कायमचा सोडायची गरज नाही.

२००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यात रेबीजचा समावेश आहे. त्यामुळे अशा शंकेची खबर ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला देणं मालकाचं कर्तव्य ठरतं. बोभाटा झाला तर डेअरीवर आपलं दूध घेणार नाहीत, या भीतीने लोक गप्प बसतात. ती भीती मला समजते. पण शेजाऱ्याच्या जनावरालाही तेच कुत्रं चावलेलं असेल, तर तुमच्या गप्प बसण्याने त्याचे लशीचे दिवस निघून जातात.

गावाने करायचं काम

गोठा वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कुत्र्यांना लस देणं हाच आहे. गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. आखाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, महिन्याभराने दुसरी, मग दरवर्षी एक. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी पाळतात. त्या सुमारास लसीकरण शिबिरासाठी दवाखान्याकडे मागणी केली तर दिवसही सोयीचा पडतो, कारण भाद्रपदात कुत्र्यांचे कळप जमतात, भांडणं होतात आणि चावे वाढतात. ज्या शिवारात पिसाळलेलं कुत्रं फिरून गेलंय तिथल्या देवणी, लाल कंधारी किंवा इतर मोलाच्या गुरांना आधीच लस देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. धनगरांचे कळप शेतात बसवले असतील तर त्यांच्या कुत्र्यांनाही शिबिरात घ्या, त्यांना परगावचे म्हणून वगळू नका.

बीड, जालना, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी. भाद्रपद-आश्विनात गावी बैलाला चावलेलं असतं, दसरा-दिवाळीला गाडी निघते आणि लक्षणं दिसतात ती कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत. तिथल्या डॉक्टरांना चाव्याची माहिती नसते आणि लशीचे मधले डोस प्रवासात राहून जातात. अशा बैलाच्या बिल्ल्याचा नंबर, चावल्याची तारीख, दिलेले आणि उरलेले डोस एका कागदावर डॉक्टरांच्या सहीने घ्या, त्याचा फोटो मुकादमाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. उरलेला डोस जिथे मुक्काम असेल तिथल्या दवाखान्यात घ्या. कारखाना कर्नाटकात असला तरी १९६२ हाच नंबर तिथेही लागतो.